रेंज नसलेली खोली

ज्याला स्वतःच्या फोनमधलं एक बटण सापडत नाही, त्याने लिहायला बसू नये, हे मला कळतं. तरी माफ करा.

वसतिगृहातल्या माझ्या खोलीत रेंज येत नाही. त्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, डोळ्यांवरची ऑपरेशनची पट्टी निघणार होती. दिसेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

माझी घालमेल पाहून खोलीतला नीलेश म्हणाला, "आण इकडे." त्याने सेटिंगमध्ये जाऊन वायफाय कॉलिंग चालू केलं. वर एअरप्लेन मोड लावला, वायफाय तेवढं ठेवलं. "बसवला तुझा फोन विमानात. आता येईल बघ कॉल."

सगळं बंद केल्यावर कॉल येणार कुठून? आमच्याकडे आई रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढते. आवाजाला उंची लागते, असंच मी धरून चाललो होतो. इथे तो भिंतीवरच्या वायफायच्या लुकलुकणाऱ्या डबीतून येणार म्हणे. मग आई इतकी वर्षं उगाच चढली का, तेही कळेना.

तेवढ्यात फोन वाजला. रेंजच्या जागी अजून विमानच होतं.

"अण्णा, दिसतंय का?" मी ओरडूनच विचारलं.

"आईने तुझा फोटो आणलाय, तोच बघतोय," अण्णा म्हणाले. "किती वाळलास रे!"