बांधापलीकडचा साक्षीदार

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पोलिसांनी धरलं ते एका खोट्यामुळं. आणि ते खोटं आप्पा पोलिसांसाठी नाही, माझ्या आईसाठी बोलले होते.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. आमच्या राहू गावात नदीकाठची पाण्याची मोटर भरदुपारी कुणीतरी उचलून नेली. लाल मुंडासं बांधलेला माणूस निळ्या लूनावर दिसला, एवढीच खबर. आप्पांचं मुंडासं लाल, लूना निळी. दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार घरी आले आणि त्यांनी सरळ विचारलं, "काल दुपारी कुठं व्हता?"

दारात आई उभी होती. दिवसभर उसाला पाणी देऊन कंबर मोडली, असं आप्पांनी तिला संध्याकाळी सांगितलं होतं. तेच त्यांनी हवालदारांनाही सांगितलं.

"शेतीची लाइट धा ते चार नव्हती. पाणी काय घागरीनं दिलं?" हवालदार म्हणाले आणि आप्पांना जीपमध्ये बसवलं.

आमचं धनगरांचं गणगोत. पूर्वी मेंढरांमागं एकत्र फिरायचे, आता घरं बांधून गावोगाव पांगलेत, पण संकटात अजूनही कळपानंच येतात. दोन तासांत ठाण्याचं आवार भरलं. कासुर्डीच्या मामांनी छातीठोक सांगितलं, "दाजी काल दुपारी आमच्याकडं जेवायला व्हते. मटण व्हतं." रांजणगावचा आतेभाऊ कंपनीच्या युनिफॉर्मवरच आला होता. त्याच्या म्हणण्यानुसार त्याचे मामा, म्हणजे आप्पा, दुपारी कंपनीच्या गेटवर त्याला भेटायला आले होते. शिरूरच्या आत्यानं लेकराची शपथ घेतली की भाऊ माझ्या दारात गोठा शाकारत होता. चौथं खोटं माझं. आप्पा माझ्या दौंडच्या कॉलेजात सही करायला आले होते, असं मी ठोकून दिलं. कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

फौजदारांनी सगळं शांतपणे लिहून घेतलं आणि चष्मा काढला. "कासुर्डी, रांजणगाव, शिरूर, दौंड. एका दुपारी दोन तालुके, तेही लूनावर! एवढं फिरणाऱ्याला राहूत मोटर उचलायला काय वेळ लागतो?"

आप्पा आत जाणार, आणि आम्हीच त्यांना आत घालणार, हे मला तिथं कळलं.

आईनं गजांपाशी जाऊन आप्पांना खरं विचारलं. आप्पा फरशीकडं बघत म्हणाले, "बाभळीखाली झोपलो व्हतो."

"कवापासनं?"

"अकरा ते चार."

"मग कंबर कशानं मोडली?" आई म्हणाली. आप्पांना ह्या प्रश्नापेक्षा कोठडी बरी वाटली असावी.

तेवढ्यात दौंडचे वकील आले. त्यांनी सांगितलं, "चोवीस तासांत कोर्टापुढं उभं करावं लागतं. तोवर एकच करा, आणखी नातेवाईक आणू नका. ह्यांचं चांगलं व्हावं असं ज्याला वाटत नाही, अशा कुणी काल दुपारी पाहिलंय का ह्यांना?"

असा माणूस एकच होता, बांधापलीकडचा आप्पांचा चुलतभाऊ. धाकट्या आत्याच्या लग्नात टॉवेल-टोपी वाटताना आप्पा त्याला विसरले. त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून बोलणं बंद. आप्पा नांगराच्या फाळानं बांध कोरतील म्हणून तो रोज त्यांच्यावर नजर ठेवून असायचा.

आईनं दुकानातून टॉवेल-टोपी घेतली आणि मला घेऊन थेट त्याच्या शेतात गेली. कुंकू लावलं, टोपी घातली. काका ताठच.

"वहिनी, टोपीसाठी खोटं बोलायचा न्हाई मी."

"खोटं बोलणारे आमच्यात चिक्कार हायेत, भावजी. तुमी खरंच बोला."

आणि काका खरं बोलले. फौजदारांपुढं, नव्या कडक टोपीत, आम्हा सगळ्यांसमोर. "अकराला आला. चपला उशाला घेतल्या. बाराला कूस बदलली. एकदा उठून पाणी प्याला, माझ्या बांधावर चूळ टाकली, परत आडवा. चारपातूर घोरत व्हता. साहेब, ह्यो सोताची घागर उचलत न्हाई, मोटर काय उचलंल?"

लिहिणाऱ्या हवालदारांचा पेन थांबला. फौजदार हसले, आणि आप्पा खाली मान घालून ऐकत राहिले. त्यांच्याबद्दल इतकं वाईट आणि इतकं उपयोगाचं कधी कुणी बोललं नव्हतं. आम्हा चौघांना ओळीनं उभं करून फौजदारांनी असं झाडलं की मामांचं मटणसुद्धा उतरलं. मग कागदावर सही घेऊन आप्पांना सोडलं.

परतीच्या वडापात, शिटा भरून सुटणाऱ्या जीपमध्ये, आप्पा आणि काका एकाच बाकावर बसले होते. आप्पांनी नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य काढलं.

"लई घोरतो व्हय मी?"

"व्हय."

राहूला उतरून दोघं आपापल्या घराकडं वळले.

आप्पांची दुपारची झोप आता सुटेल, असं आईला वाटलं होतं. ती काही सुटली नाही. फक्त बाभळीखाली पडायच्या आधी ते बांधापलीकडं बघायचे. टोपी दिसली की आडवे व्हायचे. नाही दिसली, तर दिसेपर्यंत बसून राहायचे.