शेवंतामावशीच्या हातची कॅपसूल

कुणाच्या घरी आजारपण आलं की शेवंतामावशी रोगाचं नाव विचारत नसे. दारातूनच विचारायची, "गोळी का कॅपसूल?" विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत ती शेजारच्या खोलीत राहायची. अंबरनाथ एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात तिनं वीस वर्षं पॅकिंग केलेलं, त्यामुळे डॉक्टरांनंतर आपणच, असा तिचा थाट.

माझ्या आईच्या घशात एकदा कॅपसूल अडकली आणि तिनं धसकाच घेतला. हृदयाचं औषध, चुकवून चालणार नव्हतं. मी शहाणपणा करून कॅपसूल उघडली, आतलं मधात कालवलं. डॉक्टरांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. ते औषध पोटात सावकाश विरघळायला हवं होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी मावशी आली. पाण्याच्या ग्लासात एक कॅपसूल टाकून म्हणाली, "बघ, ही पोहते. तुम्ही आभाळाकडं बघून गिळता, मग ती दातापाशीच पोहत बसते. अक्का, घोट घे. आता पायाकडं बघ. हां, गिळ."

आईनं गिळली. मी आठवडाभर हातापाया पडत होते, ते फुकट.

तेव्हापासून आई रोज सकाळी तिची वाट बघायची. मी तसाच ग्लास धरला, तसंच "पायाकडं बघ" म्हटलं, तरी तोंड घट्ट मिटून घ्यायची. "शेवंताला येऊ दे." माझा नुसता जळफळाट व्हायचा. रजा मी काढायच्या, पथ्याचं मी रांधायचं, आणि कौतुक हिचं! एकदा तर मी मुद्दाम आतून कडी घातली. मावशी बाहेरून म्हणाली, "माझ्यावर राग काढ, पण औषधाची वेळ टाळू नको गं." शेवटी कडी मलाच काढावी लागली.

पुढे ती बदलापूरला लेकीकडे राहायला गेली. दुसऱ्याच सकाळी आईनं निमूट माझ्या हातची कॅपसूल घेतली. मी लगेच फोन करून तोरा मिरवला. "जमलं की गं तुला!" एवढंच मावशी म्हणाली.

गेल्या वर्षी मावशी वारल्याचा फोन आला, तेव्हा आई बोलली. "मला गिळायची भीती अजून वाटते. बदलापूरला जाताना तिनं शपथ घातली होती. म्हणाली, पोरीच्या हातनंच घ्यायची, रोज रडते ती."

मी स्वयंपाकघरात रडायचे. मावशीला भिंतीपलीकडून ऐकू जात असणार.

आजही आई मान खाली घालते, डोळे मिटते आणि माझं मनगट घट्ट धरते. गिळून होईपर्यंत सोडत नाही. आणि मला अजून वाटतं, धरलंय ते शेवंतामावशीचंच.