सुमनने सांगितलेले ग्रॅम

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी माणगावच्या बाजारात होतो. माझी धाकटी बहीण, वय छप्पन्न. नागावला पोचेपर्यंत तिला न्यायची तयारी झाली होती. त्याला पाच आठवडे झाले. खरं सांगतो, आता दुःखापेक्षा मला तिचा रागच जास्त येतोय.

तिच्या घरी भाड्याच्या खोल्यांत उतरणारे पाहुणे तिच्या चीज डिपसाठी पुन्हा यायचे. चक्का, साय आणि किसलेलं चीज घोटून ती पसरट बशीत थापायची, वर काकडी, टोमॅटो आणि आमच्याकडचा गोडसर पांढरा कांदा बारीक चिरून, सोबत तांदळाच्या भाकरीचे कडक तुकडे. मी दर खेपेला माप विचारायचो. ती "वाटीभर" म्हणाली की मी विचारायचो, कुठली वाटी? शेवटी एकदा म्हणाली, "लिही दादा. चक्का तीनशे वीस ग्रॅम, चीज पंच्याऐंशी, साय चाळीस, काकडी एकशे दहा. झालं समाधान?" झालं होतं.

आता तिची मुलगी केतकी एकटी आहे. दरवर्षीचं एक कुटुंब येतो म्हणत होतं, त्यांना डिप हवंच होतं. केतकी म्हणाली, "मामा, एवढंही जमलं नाही तर मी खोल्या बंद करते." मी वजनकाटा घेऊन गेलो. तीनदा केलं. ग्रॅमचाही फरक नाही, तरी तिन्ही वेळा पाणी सुटलं आणि टोमॅटो आत बुडाले...

सुमनच्या हाताखाली वीस वर्षं राबलेल्या बेबीताई बघत होत्या. म्हणाल्या, "तुमी आणायच्या आधी या घरात काटा कधी व्हता?"

मी केतकीकडे पाहिलं. तिने मान हलवली. नव्हता.

"मग हे ग्रॅम?"

"तोंडाला येतील ते. तुमी गेल्यावर हसत बसली. म्हणे, आकडा दिला की दादा निवांत जेवतो तरी."

असा संताप आला... आणि भांडायला समोर कोणी नाही. बेबीताईंनी चिरलेल्या काकडीला मीठ चोळलं, थोड्या वेळाने फडक्यात घट्ट पिळली. "ह्ये तुमी इचारलंच नाय. किती, किती, तेवढंच."

चौथी बशी तासभर तशीच राहिली, कोरडी. केतकीने त्या कुटुंबाला फोन करून शनिवारी या म्हणून सांगितलं. मग मला विचारलं, "मामा, काकडीला मीठ किती लावलं त्यांनी?"

माझं लक्षच नव्हतं.

"चार ग्रॅम," मी म्हणालो. "लिही."