शेजारच्या खाटेवरच्या आजी

मे २०२१, रविवार. व्हिडिओ कॉलवर हजर: मी, भाऊ आणि करंजाड्याच्या वृद्धाश्रमातून आई. भेटी बंद होत्या, आठवड्याला दहा मिनिटं मिळत.

फोन धरायच्या तिथल्या मावशी, मूळच्या शिरवण्याच्या. आईला कमी ऐकू येई म्हणून आमचं बोलणं त्या तिच्या कानात ओरडून सांगत. आम्ही चिडून बोललो तर स्वतःच गोड करून सांगत.

त्या दिवशी त्यांनी मध्येच फोन शेजारच्या खाटेकडे वळवला. "ताई, या आजींशी पन दोन शब्द बोला. त्यांना कोनाचाच फोन येत नाय."

"वेळ संपतेय मावशी, पुढच्या रविवारी नक्की," म्हणत मी माझ्या कामांच्या यादीत लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी मीच आजींची आठवण करून दिली. मावशींनी फोन वळवला. खाटेवर गादी गुंडाळून ठेवली होती.

"बोला आता," त्या म्हणाल्या.

यादीत 'आजींशी बोलणे' याच्यासमोर अजून टिक नाही.