पिवळ्या खुणांवरची गाडी

लग्नात काय मिळालं असं कुणी गमतीने विचारलं की लवॉन उनरू म्हणायची, "एक नवरा, एक शर्यतीची गाडी आणि चाकाशेजारी उभं राहायची जागा."

तिसरी गोष्ट थट्टेची नव्हती. दर शनिवारी तिचा नवरा वेंडेल आपली निळी नोव्हा गाडी बंद ट्रेलरमध्ये चढवायचा. बंद पेटीत धूर कोंडायला नको म्हणून गाडी कधी सुरू करायची नाही, विंचच्या, म्हणजे वायर गुंडाळणाऱ्या रहाटाच्या, वायरने सावकाश आत ओढून घ्यायची. ट्रेलरच्या फळ्यांवर त्याने पिवळ्या रंगाच्या खुणा केल्या होत्या. पुढची चाकं त्यांवर आली की पट्टे आवळायचे. लवॉनचं काम बाहेर. ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपच्या मागच्या चाकापाशी वाकायचं आणि चाक नि वरची पत्र्याची कड यांच्या मधल्या फटीत हात घालायचा. चार बोटं बसली की भार बरोबर. कमी बसली तर ट्रेलर धुरजड, सगळं ओझं पिकअपच्या पाठीवर. जास्त बसली तर उलाळ, म्हणजे बूड जड आणि तोंड हलकं. उलाळ ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवायला लागला की ओढणाऱ्यालाही खड्ड्यात घेऊन जातो.

शाळेच्या स्वयंपाकघरात उभ्याने राबून तिची सगळी नोकरी सरली, गुडघे गेले, पण हे काम तिने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

यंदा वेंडेलची शर्यत डॉक्टरांनी बंद केली. थंडीत त्याने स्वतःच्या हाताने इंजिन उतरवून विकलं. उरलेली गाडी नेब्रास्कात जनेलकडे जायची होती. लेक स्वतःचं इंजिन बसवून शर्यतीत उतरणार होती.

"आई, मीच येऊन नेते ना," जनेल फोनवर म्हणाली. "बाबांना जमेल का? परवा मला तीनदा तेच विचारलं त्यांनी."

"सगळ्यांनाच विचारतो. म्हातारा झालाय."

"तू कायम असंच म्हणतेस."

"हे बघ, काल काय जेवला ते विसरेल तुझा बाप. पण ट्रेलर भरायला चुकणार नाही."

हे ती लेकीला सांगत होती की स्वतःला, तिचं तिलाच कळलं नाही. गेल्या वर्षभरात कितीतरी गोष्टी तिने पदराआड झाकल्या होत्या. गॅसवर करपलेली किटली. चर्चमध्ये सख्ख्या भावाला "तुम्ही कुठले?" विचारलं ते. प्रत्येक वेळी तिने मनाशी म्हटलं होतं, ट्रेलर नीट भरतोय ना, मग डोकं ठिकाणावर आहे.

निघायच्या सकाळी त्याने सगळं अगदी शिस्तीत केलं. वायर लावली, गाडी ओढली, पट्टे फुलीसारखे बांधले, जादा चाकं नेहमीप्रमाणे मागच्या दाराशी ठेवली. गाडीची पुढची चाकं खुणांवर अशी बसली की वर सुतळी धरली असती तरी फरक निघाला नसता. लवॉनला हायसं वाटलं. मग तिने फटीत हात घातला.

चार बोटं बसून वर अंगठा उभा मावत होता.

"वेंडेल, मागून जरा उंच वाटतंय रे."

"बाईसाहेब, खुणेवर आहे ती. फळीवर बघ की."

"तरी पण..."

"तुझी बोटं बारीक झालीत म्हातारपणी," तो हसला. कितीतरी दिवसांनी असा पूर्वीसारखा हसला. ते हसू मोडायला तिचं मन धजेना. तिने बीरॉकचा, कोबी-खिमा भरलेल्या पावांचा, डबा मांडीवर घेतला नि दार ओढून लावलं.

मॅकफर्सन गाव मागे पडलं. वारा आडवा होता. धान्याचा एक मोठा ट्रक शेजारून सुसाट गेला आणि मागून कुणीतरी शर्टाला धरून ओढावं तसा पिकअप डावीकडे खेचला गेला. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, आधीपेक्षा जोरात. डबा खाली पडला.

"ब्रेक नको मारूस!" लवॉन ओरडली. "पाय काढ फक्त!"

हे तिला शिकवलं होतं त्यानेच. ट्रेलरचा वेगळा ब्रेक डॅशबोर्डखाली असतो, तो हाताने दाबायचा. ट्रेलर मागे ओढला जातो नि सरळ होतो. पण वेंडेलचे दोन्ही हात स्टीअरिंगला चिकटले होते नि नजर समोर गोठली होती. तिने वाकून तो खटका दाबला आणि दाबूनच धरला. ट्रेलर आणखी एकदा वळवळला, मग मुकाट मागे येऊ लागला.

शेताकडे वळणाऱ्या कच्च्या वाटेवर ते थांबले. वेंडेलने ट्रेलरचं बाजूचं दार उघडलं.

"बघ. खुणेवरच आहे. मी सांगत नव्हतो?"

"इंजिन नाहीये रे तिच्यात."

"काहीतरीच बोलू नकोस." त्याने बॉनेट उचललं. आतून खालची फळी दिसत होती. त्याने त्या पोकळीत हात घालून चाचपलं. "कुणी काढलं? मला न विचारता?"

"तूच काढलंस. मी दिवा धरला होता."

"मी?"

"हो."

त्याने बॉनेट हळूच टेकवलं. नंतर फळीकडे बघत, जसं दुसऱ्या कुणाच्या ट्रेलरबद्दल बोलावं तसं म्हणाला, "नाक हलकं झालं की गाडी पुढे घ्यावी लागते. हातभर तरी. आणि ती जादा चाकं पुढच्या कोपऱ्यात."

हातांना सगळं आठवत होतं. त्याने पट्टे सोडले, विंच फिरवली, नवे पट्टे आवळले. लवॉनने जादा चाकं गडगडवत पुढे नेली. पिवळ्या खुणा आता चाकांच्या मागे उघड्या पडल्या होत्या.

"चावी दे," ती म्हणाली.

"मी चालवतो."

"वेंडेल, चावी."

त्याने दिली, तिच्याकडे न बघता.

ती सीटवर बसली तोच फोन वाजला. "कुठवर आलात?" जनेल विचारत होती. "बाबांनी नीट भरली ना गाडी?"

खुणेवर भरली, असं सांगितलं असतं तर खोटं ठरलं नसतं. आरशात वेंडेल दिसत होता. तिच्या जागी, मागच्या चाकापाशी तो वाकला होता आणि फटीत हात घालून बोटं मोजत होता.

"जनेल, पुढच्या गावात धान्याच्या कोठाराच्या आवारात थांबतो आम्ही," लवॉन म्हणाली. "तू ये. तिथून पुढे तू चालव. आणि ऐक, घरी गेल्यावर बोलू म्हणणार होते, पण नको, आत्ताच सांगते."

"आई? काय झालं?"

"चार बोटं!" मागून वेंडेल ओरडला. "लवॉन, बरोबर आहे ना गं?"

तिने खिडकीबाहेर मान काढली. "बरोबर आहे रे. ये, बस."

मग काच वर केली आणि करपलेल्या किटलीपासून सांगायला सुरुवात केली.