निम्मेमावशींचे अठरा हजार

जुनं फर्निचर विकणाऱ्या त्या बाईंना अख्खी गल्ली निम्मेमावशी म्हणायची. समोरच्यानं कसलाही भाव सांगितला, की मावशींचं उत्तर ठरलेलं, "निम्म्यात देतोस का?" मग ते कपाट असो, भाजी असो, नाहीतर दवाखान्याची फी. एकदा दात काढायला गेल्या, तर तोंड उघडायच्या आधीच डॉक्टरांना म्हणाल्या, "अर्धा तर किडून गेलाय, पैसेपण अर्धेच घ्या."

पण त्यांचा सगळ्यात मोठा पराक्रम पाच वर्षांपूर्वीचा. नवऱ्याच्या ऑपरेशनासाठी फायनान्सवाल्यांकडून कर्ज काढलं होतं. नवरा वाचला नाही, हप्ते थकले, आणि चाळीस हजार बाकी असताना वसुलीवाला दारात उभा राहिला. मावशींनी त्याला दुकानातल्या सगळ्यात डुगडुगत्या खुर्चीवर बसवलं आणि तासाभरात बावीसवर आणलं. अठरा हजार सुटले! ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली होती, की त्यांची सून ती वसुलीवाल्याच्या रडक्या आवाजासकट म्हणून दाखवायची.

आणि यंदा गाळ्याच्या मालकानं गाळाच विकायला काढला. "एकवीस वर्षं भाडं भरलंत, म्हणून आधी तुम्हाला विचारतोय," तो म्हणाला. भाव सांगितला आणि मावशींचं ठरलेलं उत्तर यायच्या आत पुढे म्हणाला, "महिनाअखेर सांगा. नाहीतर मोबाइलवाला टपूनच बसलाय."

मावशींकडे त्या भावाच्या निम्म्याच्या आसपास पैसे साठलेले होते. उरलेल्यासाठी त्या सुनेला घेऊन बँकेत गेल्या. कर्ज बघणारी मुलगी नातीच्या वयाची. तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"मावशी, तुमचा कर्जफेडीचा स्कोअर कमी आहे. या जुन्या कर्जापुढे 'सेटल्ड' असं लिहून आलंय."

"मग मिटलंच की! बावीस हजार रोख मोजलेत मी."

"तडजोडीनं मिटवलं, असा त्याचा अर्थ. यायचे होते चाळीस, आले बावीस. वाचणाऱ्याला वाटतं, ही बाई उद्या आमचेही निम्म्यातच मिटवेल."

मावशींचा चेहरा पडला. गल्लीतलं नाव थेट बँकेच्या कॉम्प्युटरात जाऊन बसलं होतं.

"उरलेले अठरा भरा," मुलगी समजुतीनं म्हणाली, "आणि पूर्ण फेड झाल्याचं पत्र आणा. मग तिथं 'क्लोज्ड' येईल. नोंद बदलायला महिना-दीड महिना जातो. थकलेले हप्ते त्यानंतरही काही वर्षं दिसणारच, स्कोअर एकदम उडी मारत नाही. पण हातात पत्र असलं तर तीन महिन्यांनी मला तुमचा अर्ज पुढे रेटता येईल."

"म्हणजे कर्ज मिळेल?"

"खात्री नाही देत, मावशी. पत्राशिवाय मात्र नक्की नाही."

बाहेर आल्यावर मावशी पायरीवरच बसल्या. "त्या मेल्यानं हे तेव्हाच का नाही सांगितलं गं?"

"आई, तुम्ही त्याला तोंड उघडू दिलं होतं का?"

गाळ्यासाठी बाजूला ठेवलेल्यातूनच अठरा काढायचे ठरले. काढताना मावशींनी पिशवीची गाठ दोनदा सोडली आणि दोनदा पुन्हा मारली.

फायनान्सच्या ऑफिसातल्या कारकुनानं खातं उघडलं आणि डोकं खाजवलं. "एवढं जुनं? असं करा, पंधरा द्या, विषय संपवून टाकू."

पंधरा! समोरचा माणूस आपणहून उतरत होता. मावशींच्या घशाशी 'बारा' येऊन ठेपलं. इतकी सोपी शिकार मावशींना उभ्या जन्मात मिळाली नव्हती.

"नाही," मावशी म्हणाल्या. आवाज जरा चिरकला. "अठरा म्हणजे अठरा. कमी घेतलेत तर इथून उठणार नाही. आणि पत्रावर 'पूर्ण फेड' लिहा. तडजोड-बिडजोड एक अक्षर नको."

कारकून त्यांच्याकडे बघतच राहिला. पत्र हातात पडल्यावर मावशींनी ते सुनेकडून तीनदा वाचून घेतलं, शिक्का उजेडात धरून बघितला, तेव्हा कुठे पैसे गेल्याचं दुःख करायला मोकळ्या झाल्या.

महिनाअखेर मालक दुकानात आला. दारातच अंग चोरून उभा राहिला. भावाची लढाई होणार हे त्यानं धरूनच ठेवलं होतं.

"तुम्ही सांगितलेल्या भावात घेते," मावशी म्हणाल्या. "फक्त तीन महिने थांबा. बँक काय म्हणते ते कळू दे."

मालकानं चष्मा काढला. "बाई, तब्येत बरी आहे ना?"

मावशींनी पत्र पुढे केलं. कसे भरले, किती भरले, पंधराला नाही का म्हटलं, सगळं सुनेनंच सांगितलं. मालक पत्र वाचत राहिला, संपल्यावरही वाचत राहिला.

"थांबतो मी तीन महिने," तो शेवटी म्हणाला. "मोबाइलवाल्याला सांगतो, वाट बघ म्हणून." मग खाली बघत पुटपुटला, "आणि तो भाव... म्हणजे तुम्ही निम्म्यापासून सुरू करणार, म्हणून मी आपला जरा चढवूनच सांगितला होता."

"जरा म्हणजे किती?"

मालक चष्मा पुसायला लागला.

मावशींनी पत्र घडी करून गल्ल्यात ठेवलं, कुलूप लावलं. मग पायानंच ती डुगडुगती खुर्ची पुढे सरकवली.

"बसा," त्या म्हणाल्या. "बोलू."