तोंडानं काढा तो आवाज

हवालदार मिस्त्री गाडीला हात लावण्याआधी मालकाला सर्वांदेखत तिचा आवाज तोंडानं काढायला लावायचा. लष्करातल्या गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस. माधवनगर रस्त्याला त्याची पत्र्याची शेड होती. तिथं मी एका वकिलांना घोड्यासारखं फुरफुरताना पाहिलंय आणि सुताच्या एका जाड्या व्यापाऱ्याला गाल फुगवून फटफट करताना पाहिलंय. "जरा आवाज येतो" एवढ्यावर कुणी भागवायला गेलं की मिस्त्रीचे कान लाल व्हायचे. "जरा म्हंजी? घरात चोर शिरला तर जरा चोर आलाय म्हणता व्हय?"

पिकअप देताना फटफट झाली तर सायलेन्सरचा जोड सुटलाय, धप्प झालं तर इंजिनाखालचं रबर गेलंय, हे तो मालकाच्या तोंडावरून सांगायचा. 'खट्ट' आणि त्यामागे खडखड असेल तर मात्र किल्लीच काढून घ्यायचा. मागच्या चाकांना फिरवणारा गाडीखालचा लांब दांडा, शाफ्ट, त्याचा सांधा मोडायला आलेला असायचा.

सर्वांत जास्त चिडायचा तो आवाज दडवणाऱ्यांवर. माझ्या मोटारीच्या सीटखाली कोंबलेलं गोणपाट त्यानं एकदा ओढून काढलं आणि माझ्या अंगावर फेकलं. "गाडी बोंबलतीया आन तुमी तिच्या तोंडात बोळा कोंबताय." ते गोणपाट मी नीट घडी घालून घरी नेलं. मिस्त्रीचं म्हणणं तेवढं शेडमध्ये राहिलं.

हे सगळं सत्तरच्या दशकातलं. माझा मेव्हणा फौजेत होता. रजा संपत आली, तेव्हा तो सांगलीला बहिणीकडे, म्हणजे आमच्या घरी, आला होता. जाताना लोणंदजवळच्या गावी आईला भेटायचं आणि लोणंदलाच संध्याकाळची रेल्वे धरायची, असा त्याचा बेत. एस.टी.नं जातो म्हणाला. मी म्हणालो, "घरात मोटार असताना? पाण्यासारखी चालते." दोन दिवस त्याला मी दुसरं काही ऐकवलंच नव्हतं.

निघायच्या सकाळी ॲक्सिलरेटर दाबला की गाडीखाली कुणीतरी घण घातल्यासारखं खट्ट, आणि मग खडखड. ॲक्सिलरेटर न दाबता, हळूहळू शेडवर गेलो. मागे मेव्हणा कडक इस्त्रीत बसलेला.

"काढा," मिस्त्री म्हणाला.

मी आरशातून मेव्हण्याकडे पाहिलं आणि पोट भरलेल्या मांजरासारखं हळूच घुर्र केलं.

"एवढाच?"

"एवढाच."

"थांबा, एक चक्कर मारून बघतो."

"नको, उशीर होतोय. आई वाट बघतीय याची."

मिस्त्रीनं वाकून पाहिलं. सायलेन्सरची पट्टी तेवढी सैल होती. ती त्यानं आवळली, पण माझ्याकडे बघत.

उंब्रजच्या पुढच्या चढाला सांधा तुटला. शाफ्ट रस्त्यावर घासत, ठिणग्या उडवत गाडी थांबली. मेव्हण्यानं खाली वाकून पाहिलं, इस्त्रीचे गुडघे झटकले आणि म्हणाला, "दाजी, शेडमधी तुमी ह्यो आवाज काढला न्हवता."

दुपार कलली तेव्हा एक ट्रक थांबला. त्यानं मेव्हण्याला रेल्वेपर्यंत पोचवलं, पण थेट स्टेशनवर. आईचं गाव चार मैल आत राहिलं.

गाडी ओढून आणली तेव्हा मिस्त्री ओरडेल म्हणून मी तयारीत होतो. तुटका सांधा हातात घेऊन त्यानं फक्त विचारलं, "फौजी आईला भेटला?"

"नाही."

त्यानं सांधा माझ्या हातात ठेवला आणि पाठ फिरवली. तिसऱ्या दिवशी गाडी तयार झाली, तेव्हा स्टिअरिंगवर तोच बसला आणि वाटेत फक्त रस्ता विचारत मला सासूबाईंच्या दारात नेऊन उभं केलं.

"आक्का, तुमच्या जावयाला कायतरी ऐकवायचंय." मग माझ्याकडे वळला. "काढा. त्या दिशी गिळला त्यो."

अंगणात शेजारणी जमल्या होत्या. मी काढला. खट्ट, खडखड, सगळा. शेळ्या दावं ताणून मागे सरल्या. एक शेजारीण पदर तोंडाशी घेऊन हसली. सासूबाई हसल्या नाहीत. लेकासाठी केलेल्या लाडवांची पिशवी त्यांच्यामागे खुंटीला तशीच होती.

"येवढा मोठा हुता व्हय," त्या म्हणाल्या. "मग तुमास्नी कसा ऐकू आला न्हाई, जावईबापू?"

मेव्हण्याला पुढची रजा दीड वर्षानं मिळाली. तोवर सासूबाईंचे दोन्ही डोळे गेले होते. त्यानं समोर बसून आपलं तोंड त्यांच्या हातात दिलं, आणि त्या बोटांनी कितीतरी वेळ त्याच्या मिशा चाचपत राहिल्या.

मिस्त्री पुढे शेड मोडून कडेगावला, आपल्या गावी गेला. बऱ्याच वर्षांनी मी त्याला भेटायला गेलो. तो पार बहिरा झाला होता. मी दुसरी मोटार घेतली होती, तिलाही पिकअप देताना काहीतरी होत होतं. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि न लाजता, गल्ली ऐकेल एवढ्या मोठ्यानं तिचा आवाज काढला.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग मान हलवली.

"ह्यो न्हाई ऐकू येत," म्हणाला. "त्यो पयला, आक्काच्या अंगणातला, अजून येतोय."

आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.